दोणी म्हणजे दोन्ही

काही दिवसांपूर्वी सकाळी कामाला निघाले, तर गेटवरचा वॉचमन टोपी डोक्यावर दाबून धरत म्हणाला, "मेडम, तुंबा गाळी." मी मान हलवली आणि गाडीकडे न जाता मागच्या पार्किंगमध्ये गेले. होडीवरच्या ताडपत्रीचा एक कोपरा सुटून फडफडत होता. दोरी आवळली, दुहेरी गाठ मारली, हात झटकले. आषाढ आला.

पुण्याहून बंगळूरला बदली होऊन आले त्या वर्षी हेच शब्द पहिल्यांदा ऐकले होते, तेव्हा मी तडक इमारतीमागच्या गटारापाशी गेले होते. तुंबा, गाळी. मराठी कानाला याचा एकच अर्थ होतो: गटारात गाळ तुंबलाय. झाकण उचलून बघितलं, पाणी व्यवस्थित वाहत होतं. परत येऊन तेव्हाच्या वॉचमनला सांगितलं, "सब साफ है." तो बिचारा आभाळाकडे बघत राहिला. 'तुंबा' म्हणजे खूप आणि 'गाळी' म्हणजे वारा, हे संध्याकाळी कळलं. तोपर्यंत माझे बाल्कनीतले दोन दुपट्टे शेजारच्या इमारतीत राहायला गेले होते.

इथला आषाढ भिजवत नाही. पाऊस पश्चिमेकडे डोंगरावरच सांडून येतो आणि आमच्या वाट्याला नुसता वारा उरतो. ढग खाली उतरलेले, पण घाईत, पुढच्या गावची बस पकडायची असल्यासारखे. महादेवपुऱ्याच्या काचेच्या इमारतींमधून तो वारा शिट्ट्या वाजवत जातो. दारं आपटतात. नारळाच्या झावळ्या दिवसभर एकमेकींना मारत असतात. लग्नं थांबलेली, नव्या नवऱ्या माहेरी गेलेल्या, कापडदुकानांवर आषाढ सेलचे फलक फुगलेले. माझ्यासारख्या व्यवस्थित बाईला हा ऋतू आवडायचं काही कारण नाही. टेबलावर ठेवलेला कागद जागेवर राहत नाही. मी एकटी राहते, माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे, आणि वर्षातले हे काही आठवडे सोडले तर वस्तूही ते मान्य करतात.

तरीही बाराही महिन्यांत मी वाट कशाची बघते, तर याच वाऱ्याची. ते अक्कामुळे.

अक्का बेळगावकडची, लग्न होऊन बंगळूरला आलेली आणि इथंच मुरलेली. बोम्मसंद्र्याला तिचं फायबरचं वर्कशॉप होतं. नवऱ्याच्या माघारी तिनंच चालवलेलं, वाढवलेलं. पाण्याच्या टाक्या, बसच्या सीटा, आणि तळ्यांवरच्या सहलीच्या जागांसाठी पायडल मारायचे हंस. मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी विभाग बघते. यंत्रांवर बसवायची फायबरची झाकणं तिच्याकडून घ्यायची म्हणून पहिल्यांदा गेले, तेव्हा मी तपासणीची यादी काढली आणि एकेक झाकण बोटाच्या पेरानं वाजवून बघायला लागले. थर नीट बसले नसतील, आत पोकळी राहिली असेल, तर आवाज बदलतो. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काय ग, नारळ घ्यायला आलीस काय?"

"तपासून घेते, अक्का. नंतर वाद नकोत."

"पुण्याची काय तू?"

"हो. कसं ओळखलंत?"

"नंतर वाद नकोत म्हणालीस की. आम्ही आधी चहा म्हणतो."

त्या दिवसापासून मी तिची पुणेकरीण झाले. रागावली की नारळवाली.

तिच्या अंगणात हंस रांगेनं उभे असायचे, रंग वाळत, माना वाऱ्याकडे करून. एका आषाढात, असाच वारा सुटलेला असताना, ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "कंटाळा आला बघ या पक्ष्यांचा. पाय मारून मारून माणूस जाणार कुठं? गोल फिरून परत तिकीटवाल्यापाशी. आपण दोणी करू या."

मी म्हटलं, "दोन्ही म्हणजे काय काय?"

"दोन्ही नव्हे ग. दोणी, दोणी! पाण्यातली."

दोणी म्हणजे कन्नडमध्ये होडी. मी वहीत दोन ओळी मोकळ्या सोडून बसले होते, एकीपुढे एक, दुसरीपुढे दोन. ते बघून अक्का इतकी हसली की तिला हंसाच्या पाठीला टेकावं लागलं. पुढं आमच्यात तो शब्दच रूढ झाला. रविवारी तिचा फोन यायचा, "काय, दोन्हीला येतीस काय?"

तो एक आषाढ आणि त्याला लागून आलेला श्रावणाचा थोडा भाग. माझ्या आयुष्यातला तेवढाच ऋतू मला वासासकट आठवतो. रेझिनचा गोडसर, नाकात चढणारा वास. दमट हवेत ते लवकर सुकायचं नाही, म्हणून थर दिला की वाट बघत बसायचं. वाट बघताना अक्का डब्यातून कापण्या काढायची. आषाढ तळायचा म्हणून ती गुळाच्या, खसखस लावलेल्या कापण्या करायची, आणि होडीच्या साच्याच्या काठावर डबा ठेवायची. फायबरचे बारीक तंतू मनगटाला टोचायचे, कुसळासारखे. दोन दिवस अंग खाजायचं. सोमवारी ऑफिसात मीटिंगमध्ये मी टेबलाखाली हात खाजवत असायचे आणि मला कुणाला काही सांगायचं नसायचं. सुखाची माझी व्याख्या विचाराल तर साधारण तेवढीच आहे.

होडी तशी छोटी. चौदा फुटांची, दोघींपुरती. बाहेरून पांढरी, हंसांचा उरलेला रंग. आतून पिवळी, तोही हंसांचाच, चोचीचा. दोन शिडं, मागचं मोठं आणि पुढचं लहान. बाकांच्या पोटात फोम भरलेला, म्हणजे उलटली तरी बुडायची नाही. तळ पाण्याच्या पातळीपेक्षा जरा उंच ठेवून मागं दोन भोकं, उडालेलं पाणी आपलं आपण निघून जातं. नाकापाशी सामानाचा कप्पा, त्याला पाण्याच्या टाकीचंच फिरकीचं झाकण. कापण्यांचा डबा त्यात बरोबर मावायचा. कप्प्याचं माप अक्कानं त्या डब्यावरूनच घेतलं होतं.

पण तिच्या रचनेतली खरी अक्कल एका शब्दात येते: घडी. ही होडी पाण्याशेजारी राहणारी नाही. तिला गाडीमागच्या ट्रेलरवर बसून गावातून जायचं असतं, झाडांखालून, लोंबत्या तारांखालून. म्हणून डोलकाठी बुडाशी बिजागरीवर. हवी तेव्हा उभी, नको तेव्हा आडवी. पोटाखाली मधोमध एक उभी फळी. खोल पाण्यात ती खाली सोडायची, म्हणजे होडी वाऱ्यानं आडवी घसरत नाही. उथळ पाणी आलं की दोरीनं ओढून पोटातल्या खाचेत. सुकाणूचं पातंसुद्धा तळाला लागलं की आपणहून वर मुडपतं. सगळं आवरतं, मिटतं, जागेवर बसतं. मला ती होडी आवडली ती पाण्यात जाण्याआधीच, ट्रेलरवर.

एवढं सगळं मुडपता येत होतं, एक गोष्ट सोडून. तिला माणसं दोन लागायची. आणि ती तशी केली अक्कानं, मुद्दाम.

सुकाणूवर बसणारीच्या एका हातात सुकाणूचा दांडा असतो, दुसऱ्या हातात मोठ्या शिडाची दोरी. पुढच्या शिडाच्या दोऱ्या अडकवायला दोन्ही काठांना एकेक पकड असते. ती पकड मागं, सुकाणूवालीच्या हाताशी बसवली, तर एकटं माणूसही होडी चालवू शकतं. मी हे रेखाटन नीट काढून नेलं होतं, मापांसकट.

अक्कानं कागद बघितला आणि परत दिला. "बेडा, नको. पकड पुढं बसवायची."

"पण अक्का, मागं सोयीची आहे. एखाद्या वेळी कुणी एकटं असलं तर..."

"आणि मी काय करू? बसून फोटो काढू काय तुझे?"

"तुम्ही सुकाणूवर बसा. मी पुढं बसते."

"मग तू काय करशील? नारळ वाजवशील?" तिनं हातमोजे चढवले. "दोणी आहे ही. नाव तूच ठेवलंस, दोन्ही. आता सरी म्हण आणि ब्रश घे."

सरी म्हणजे बरं. मी सरी म्हटलं.

शिडं शिवून आली तेव्हा कोरी, करकरीत, चौकोनी घड्या घातलेली होती. शहराबाहेर एक मोठं तळं आहे, तिथं एका छोट्या नौकानयन क्लबात आम्ही होडी नेली. वाटेत सिग्नलला एका रिक्षावाल्यानं होडीकडे, मग आभाळाकडे बघून मला विचारलं, "मळे बरुत्ता, मेडम?" पाऊस येणार का. काठावर अक्कानं शिडाची पिशवी माझ्या हातात दिली. "घे. घडी तू मोड."

नव्या साडीची घडी मोडायला आपण कुणाला देतो? बहिणीला, मैत्रिणीला, आपल्याआधी तिनं नेसावी असं जिच्याबद्दल वाटतं तिला. मला बहीण नाही. माझ्या हातानं कुणाच्या साडीची घडी कधी मोडली गेली नव्हती. मी पिशवीचा बंद सोडताना गाठ बराच वेळ सुटत नाही असं दाखवलं.

पहिल्या दिवशी आम्ही हंसांसारख्याच गोल फिरलो. अक्का पदर खोचून, वर लाइफ जॅकेट, पायात मुलाचे जुने बूट. होडी वळवायची असली की सुकाणूवालीनं आधी विचारायचं असतं, तयार का म्हणून, नाहीतर मोठ्या शिडाची आडवी काठी दुसरीच्या डोक्यात बसते. आमचा विचारायचा शब्द ठरून गेला. मी ओरडायचे, "दोन्ही?" पुढून उत्तर यायचं, "सरी!" मग डोकी खाली, शिडं या अंगावरून त्या अंगावर, दोऱ्यांचा सळसळाट, आणि अक्का पुढची दोरी ओढून पकडीत मारायची, खट्. होडी एका कुशीवर कलायची, वेग घ्यायची, आणि तळाखालच्या पाण्याचा आवाज बदलायचा. तसा आवाज मी पुन्हा कशात ऐकला नाही.

त्यानंतरचे आषाढ एकात एक मिसळलेत. अक्काचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, दुसरं झालं. मुलगा ऑस्ट्रेलियात, तो येऊन तिला घेऊन गेला. वर्कशॉप भाड्यानं दिलं, हंसांचे साचे कुणी नेले माहीत नाही. होडी माझ्याकडे आली, कारण ती कुठंही जाऊ शकत होती. सोसायटीत पहिले काही दिवस कौतुक झालं. आमच्या भागात पाऊस जोराचा झाला की रस्त्यांची तळी होतात, त्यामुळे लिफ्टमध्ये कुणी ना कुणी म्हणायचंच, "मॅडम, यंदा पूर आला की आम्हाला घ्या हं." मी हसायचे. घेतलं असतं एखाद्याला, पुढच्या बाकावर. विचारायला हवं होतं. "तुम्हाला रविवारी सकाळी वेळ आहे का," एवढं वाक्य. खरेदीत आयुष्य गेलं, शंभर माणसांशी बोलते, पण हे वाक्य लिफ्टमध्ये तोंडाशी यायचं आणि माझा मजला यायचा.

यंदा सेक्रेटरींचा निरोप आला: पाहुण्यांच्या गाड्यांची अडचण होते, महिनाअखेर होडी हलवा. त्याच आठवड्यात जवळच्या एका कॅफेवाल्यानं विचारणा केली. त्याला ती दारात ठेवायची होती. आत माती भरून फुलझाडं लावायची, लोक समोर उभं राहून फोटो काढतील. माणूस सभ्य होता. मी विचार करून सांगते म्हटलं आणि अक्काला फोन केला.

"माती?" अक्का म्हणाली. "गाळी सुटली काय तिकडं?"

"सुटली. तुमच्याकडे?"

"इथं हिवाळा. वारा आहे, गाळी नाही. हे बघ. विकायची तर वीक, मला विचारू नको. चालवायची तर चालव. पार्किंगमध्ये झाकून ठेवायला केली नव्हती मी."

"एकटीला चालत नाही ती, अक्का. तुम्हीच तशी केलीत."

"होय की," ती म्हणाली आणि नातवाशी काहीतरी इंग्रजीत बोलायला लागली.

मी कामाला लागले. मला दुसरं काही येत नाही. होडी सोडण्याच्या माझ्या जुन्या यादीला दोन रकाने होते, मी आणि अक्का. दुसऱ्या रकान्यातलं एकेक काम पहिल्यात आणायचं होतं. डोलकाठी उभी करताना एकीनं मागून उचलायची आणि दुसरीनं पुढून ओढायची असते. ते जमलं: ट्रेलरच्या तोंडाशी होडी ओढून घ्यायचा हाताचा रहाट आहे, त्याचीच दोरी डोलकाठीला बांधली आणि दांडा फिरवत राहिले. काठी सावकाश उभी राहिली. पार्किंगमधली दोन मुलं टाळ्या वाजवून गेली. ट्रेलर ढकलायला क्लबातली माणसं असतात. राहता राहिली पुढच्या शिडाची दोरी. पुढचं शीड नुसतं लावलंच नाही तर ही होडी वळता वळत नाही, वाऱ्याला तोंड देऊन जागच्या जागी फडफडत उभी राहते. पकड मागं न्यायला हवी. आणि ती नेता येत नव्हती, कारण नुसत्या फायबरमध्ये बोल्ट धरत नाही, पहिल्या झोताला उपटून येतो. त्याच्या पोटात लाकूड लागतं, आणि ते थर देतानाच आत घालावं लागतं. अक्कानं पुढं घातलं होतं. मी स्वतः तुकडे कापून दिले होते.

तेव्हा कॅफेवाल्याला हो म्हणायचं ठरवलं. त्याला मापं हवी होती, म्हणून शनिवारी सकाळी टेप घेऊन गेले. ताडपत्री काढली. वारा पिवळ्या तळावरची वाळकी पानं गोल गोल फिरवत होता. लांबी घेतली, रुंदी घेतली. माल हातावेगळा करताना शेवटचा वाजवून बघायची माझी सवय. नाकापासून सुरुवात केली. काठावर पेर मारत मागं मागं आले. ढब, ढब, पोकळ; पकडीपाशी टक, टक, लाकूड; पुन्हा ढब, ढब. आणि मागं, सुकाणूच्या दांड्याशेजारी, माझा हात जिथं टेकतो बरोबर तिथं: टक.

मी थांबले. पुन्हा वाजवलं. टक. दुसऱ्या काठाला जाऊन वाजवलं. टक.

पार्किंगमध्येच खाली बसून फोन लावला.

"अक्का, मागं लाकूड आहे."

"कुठं मागं?"

"तुम्हाला माहितीये कुठं. दोन्ही बाजूंना."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, बारीक, दम लागलेला. "आत्ता कळलं होय? नारळवाली म्हणे. मला वाटलं आठ दिवसांत वाजवून बघशील."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू तेव्हाच पकड मागं लावली असतीस. नीटनेटकी बाई तू. मग माझी गरज काय ग तुला?" मग हळू: "एकीला कधीतरी लागणारच होतं की. तुला का मला, ते काय माहीत होतं तेव्हा?"

वारा फोनमध्ये घुसत होता. ती म्हणाली तुझा आवाज फाटतोय. मी म्हटलं गाळी आहे. ते खरं होतं.

कॅफेवाल्याला नकार कळवला. भोकं पाडली, बोल्ट बसले, धरले. होडी आता क्लबातच ठेवायची, तशी जागाही मिळाली. रविवारी तिला तळ्यावर नेली. अक्काच्या वजनाशिवाय ती वाऱ्यात फार कलेल हे उघड होतं, म्हणून घरातले पाण्याचे दोन भरलेले कॅन नेले आणि तिच्या जागेवर नीट बांधले. कप्प्यात डबा ठेवला. कापण्या विकतच्या होत्या, जरा वातड.

काठ मागं पडला. पाणी शिशाच्या रंगाचं, त्यावर वाऱ्याच्या काळ्या रेघा धावत येताना दिसत होत्या. शिडं भरली. पुढची दोरी माझ्याच हातानं ओढली, पकडीत मारली, खट्, आणि होडी कलली. तळाखालचा आवाज आला, तोच. पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा मी दांड्यावर हात ठेवला आणि सवयीनं मोठ्यानं विचारलं, "दोन्ही?"

कॅनमधलं पाणी डचमळलं. मी क्षणभर थांबले, जितकं थांबायचं असतं तितकं. मग वळवली. ती वळली, अगदी सहज, जणू नेहमी एकटीच्याच हातानं वळत आली असावी. मला तिचा थोडा राग आला.

संध्याकाळी ओलं शीड घरी आणून वाळवलं. वाऱ्यानं लगेच वाळलं. मग अक्काचा फोन.

"उलटली नाहीस ना?"

"नाही. तुमच्या जागेवर पाण्याचे कॅन बांधले होते."

"किती?"

"दोन."

"दोनच? मी काय दोन कॅनची आहे काय? निदान तीन तरी बांधायचेस." ती हसली, खोकली. "शीड वाळवलंस? ओलं मिटू नको."

"वाळवलं. घडीसुद्धा घातली."

"केवढं मोठं कापड ते. एकटीनं कशी घातलीस?"

"एक टोक दाराच्या कडीत अडकवलं."

माझ्याकडे बाल्कनीचं दार आपटत होतं, ते ती ऐकत असावी.

"सरी," अक्का म्हणाली.